बाल्झचा पाचवा ठोका

आमच्या पथकाचं नाव ‘ओली मांजरं’. हे नाव का पडलं ते आज कुणालाच माहीत नाही. ज्याला माहीत असावं असा संशय होता तो म्हातारा दोन हिवाळ्यांपूर्वी वारला, आणि आमच्या अध्यक्षाला अजून वाटतं की तो मुद्दामच वारला.

अध्यक्ष म्हणजे रुएदी झॉयगिन. सगळी नोकरी त्यानं एका रसायनांच्या कारखान्याच्या फाटकावर लोकांच्या पिशव्या तपासण्यात काढली. आता निवृत्त आहे, पण हात मिळवायला तुम्ही एक हात पुढे केलात की तो आधी दुसऱ्या हाताकडे बघतो. पथकात सगळ्यांना अरे-तुरे असतं. ज्या बँकेत रुएदी साहेबांसमोर टोपी काढून उभा राहतो, तेच साहेब आमच्या तळघरात बासरी वाजवतात आणि रुएदी त्यांना विचारतो, अरे, तुझं बोट कुठं फिरतंय? बाझलमध्ये हे असंच आहे. फास्नाख्ट या आमच्या मिरवणुकांच्या सणाचे तीन दिवस मुखवटा, आणि उरलेलं वर्षभर त्या तीन दिवसांची तयारी. मधे वेळ मिळाला तर लोक नोकरी करतात.

मी लिनुस. शेवटच्या रांगेत ड्रम वाजवतो. म्हणजे माझ्या पोटाला ड्रम बांधलेला असतो आणि हातात काड्या असतात.

जानेवारीत रुएदी झुरिकला गेला. वर्षातून एकदा तो तिथे जातो, झुरिकबद्दलचं आपलं वाईट मत कायम आहे ना ते तपासायला. तळ्याकाठी त्याला काही माणसं दिसली. रबराच्या ठोकळ्यांवर ड्रमचा सराव करत होती. तो थांबला, ऐकलं, आणि मिळाली त्या गाडीनं परत आला. त्याच गुरुवारी तळघरात बैठक बसली.

“आपली चाल वाजवत होते,” रुएदी म्हणाला. मग म्हणाला, “आणि सरळ.”

पहिल्या वाक्यावर लोक रागावले. दुसऱ्यावर घाबरले.

हे समजायला बाल्झ माहीत हवा. बाल्थासार गीझिन, पहिल्या रांगेचं डावं टोक. माझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून ती जागा त्याची. आमची चाल त्यानंच बांधली, आणि नुसती आमचीच नाही. आमच्या या ड्रमसाठी त्या माणसानं जेवढं केलं तेवढं लोक मुलांसाठी करत नाहीत. धंद्यानं तो घरं उबदार ठेवणारे, गरम पाण्याच्या नळ्यांचे हीटर दुरुस्त करणारा. कुठल्याही इमारतीत शिरला की आधी नळ्यांवर काड्या वाजवून बघायचा, कुठे हवा अडकली आहे का ते. पाचव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं की बाल्झ आला. कोणी वरून नळीवरच उत्तर दिलं, की हीटर तसाच सोडून तो जिना चढायचा आणि त्या माणसाला पथकात भरती करायचा. आमचे निम्मे वादक असेच, गळक्या हीटरमधून आलेले आहेत. त्यानं शाळांत शिकवलं, सैन्यात शिकवलं, दवाखान्यातल्या नर्सेसना शिकवलं, डोंगरातल्या एका मठातल्या जोगिणींना शिकवलं. तिथे आता पहाटेच्या प्रार्थनेला घंटा वाजवत नाहीत म्हणे. गावोगावी जाऊन तो सांगायचा की हा ड्रम म्हणजे लष्करातली उरलीसुरली वस्तू नव्हे, ती बोलायची रीत आहे. लोक पटवून घ्यायचे. पटवून घेतलं नाही तर तो जात नसे.

फक्त एक होतं. तरुणपणी ट्रामच्या दारात त्याचा डावा अंगठा सापडला होता. तेव्हापासून त्याचा पाचवा ठोका किंचित उशिरा पडतो. मोजून दाखवता येणार नाही इतका, पण कान असलेल्या माणसाला चुकणार नाही इतका. चालता चालता कुणी जिन्याची पायरी विसरावी तसा. आणि बाल्झकडून जो जो शिकला त्याचा पाचवा ठोका उशिराच पडतो. सैन्याचा, नर्सेसचा, जोगिणींचा. आमच्या अख्ख्या पथकाचा. आम्ही त्याला शैली म्हणतो.

तर झुरिकवाले आमची चाल वाजवत होते, आणि शैलीशिवाय. म्हणजे कुणीतरी ती त्यांना दिली होती आणि देताना ओळख पुसून दिली होती. चोर गाडीची नंबरप्लेट काढतात तशी.

कुणी बाल्झचं नाव घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त त्याच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. शरद ऋतूपासून तो गुरुवारच्या सरावाला येत नव्हता. डॉक्टरकडे जायचं असतं म्हणाला होता. कुठल्या डॉक्टरकडे, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता प्रत्येकाला आठवत होतं की आपल्याला तेव्हाच शंका आली होती. बँकेच्या साहेबांनी तर सांगितलं की बाल्झ हल्ली जास्तच आनंदात दिसतो, आणि त्या वयात ते बरं नाही.

रुएदीनं निर्णय दिला. चाल झुरिकला बाल्झनं दिली असं ठरलं तर त्याची पहिल्या रांगेतली जागा गेली, आणि पथकही गेलं. पण आधी खात्री. पुढच्या गुरुवारी कुणीतरी त्याच्या मागावर जायचं. आणि सराव बुडाला तर पथकाचं नुकसान होणार नाही असा माणूस हवा होता. नाव एकमतानं निघालं.

मी काही साधा भोळा गेलो नाही. मलाही संशय होताच. या माणसानं मला आठ वर्षं शिकवलं आणि मी असा वाजवतो, यामागे काही हेतू असेल का, हे मी आधीपासून मनात घोळवत होतो.

त्या गुरुवारी बाल्झ नदीवर आला आणि होडीत बसला. ऱ्हाईनवरच्या आमच्या होडीला इंजिन नाही. ती वरच्या तारेला बांधलेली असते आणि प्रवाहच तिला पलीकडे नेतो. पाठलाग करायला याहून वाईट जागा जगात नसेल. दोन बाकं समोरासमोर, आणि प्रवासी आम्ही दोघंच. मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. नावाडी माझ्याकडे संशयानं बघत होता, म्हणून मी त्याच्याकडे संशयानं बघितलं.

अर्ध्या नदीत बाल्झ म्हणाला, “लिनुस, पेपर कालचा आहे.”

मी म्हटलं, मी सावकाश वाचतो.

 पलीकडे उतरलो. मी बरंच अंतर ठेवून, खिडक्यांत काहीतरी बघतोय असं दाखवत चालू लागलो. त्या गल्लीतलं एकच दुकान उघडं होतं आणि ते शवपेट्यांचं होतं. कोपऱ्यावर बाल्झ थांबला, मी येईपर्यंत वाट बघितली आणि म्हणाला, “पाठलागच करायचाय तर जरा जवळून कर. रस्ता निसरडा आहे.”

मग आम्ही बरोबरच गेलो. त्यानं वाटेत आईची तब्येत विचारली. गुन्हेगार नेहमी आईची तब्येत विचारतात, असं रुएदीचं म्हणणं आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या दारावर नाव होतं: रेगुला ह्युर्लिमान. मी ते दोनदा वाचलं. असं नाव बाझलमध्ये चुकूनसुद्धा जन्माला येत नाही. झुरिकमधल्याही अगदी मधल्या झुरिकचं नाव ते. माझे पाय तिथेच थांबले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. संशय असणं वेगळं, आणि त्याच्या दारावर अशी पितळी पाटी असणं वेगळं.

दार उघडलं ते ओव्हरकोट, लोकरी टोपी आणि मफलर घातलेल्या एका बाईनं. आत बाहेरच्यापेक्षा थंडी होती. तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि बाल्झला विचारलं, हाच का तो शेवटच्या रांगेतला? मला ते अजिबात आवडलं नाही. आमच्या पथकाबद्दल झुरिकला एवढी बारीक माहिती होती.

गोष्ट अशी होती. ती दातांच्या कवळ्या बनवते, कामासाठी आमच्या शहरात राहते आणि शनिवार-रविवार आपल्या गावी जाऊन तळ्याकाठच्या मंडळींबरोबर ड्रम वाजवते. ऑक्टोबरात तिचा हीटर बिघडला. बाल्झ आला, नळीवर आमची चाल वाजवली. पलीकडच्या खोलीतून तिनं तीच चाल वाजवून उत्तर दिलं, पण सरळ. बाल्झ खाली बसला. हीटर त्या दिवसापासून तसाच आहे.

मी तिला सरळ विचारलं की चाल तुला कुणी दिली. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “अरे, तुम्ही ती दरवर्षी तीन दिवस भर रस्त्यात वाजवता. लाखभर लोकांसमोर. मी फुटपाथवरून तुमच्या शेजारून चालत आले. तीन फास्नाख्ट.”

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आणि पाचवा ठोका?” मी म्हटलं.

“मला वाटलं, रस्ता दगडी आहे म्हणून तुम्ही सगळे अडखळताय. तेवढं काढून टाकलं.”

बाल्झ कोट न काढताच सरावाच्या ठोकळ्यासमोर बसला. तिनं एका डबीतून एक वस्तू काढून त्याच्या डाव्या अंगठ्यावर चढवली. वाकडे दात सरळ करायला मुलांना बसवतात तसली तार होती ती. अंगठ्याच्या मापाची, खाली गुलाबी प्लास्टिकची टाळू असलेली. बाल्झ वाजवू लागला. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवा जिथं पडायला हवा तिथं पडला. मला पायरी न विसरताही पडल्यासारखं झालं.

मी विचारलं, हे कशासाठी? देणारा तो नव्हता, हे कळलं होतं. पण सगळ्या देशाला शिकवणारा माणूस म्हातारपणी झुरिकच्या बाईकडून शिकतो, हे रुएदीच्या हिशेबात देण्याहून वाईट होतं.

बाल्झनं काड्या मांडीवर ठेवल्या. “मुखवटा घातला की तुला कोणी ओळखतं?”

मी म्हटलं, न घालताही फारसं कोणी ओळखत नाही.

“माझं तसं नाही. सैतान झालो, गाढव झालो, एकदा चीजचा अख्खा गोळा झालो. ड्रम सुरू केला की चार पावलांत वरच्या खिडकीतून कोणीतरी ओरडतं, बाल्झ, आमचा हीटर परत गळतोय. आयुष्यभर, लिनुस. सगळं शहर तीन दिवस दुसरं कोणीतरी असतं. मी एकदाही नाही. मला एक फास्नाख्ट हवंय. एकच. डाव्या टोकाला, माझ्याच जागेवर, आणि मी कोण ते कोणाला कळू नये.”

मी परत आलो तेव्हा तळघरात सगळे थांबले होते. मला खोटं बोलता येत नाही, चेहरा लगेच लाल होतो. खरं सांगितलं असतं तर बाल्झची जागा त्याच क्षणी गेली असती. म्हणून मी जेवढं खरं चालण्यासारखं होतं तेवढंच सांगितलं. म्हटलं, दातांचं काहीतरी आहे.

रुएदीनं आधी माझे दोन्ही हात बघितले. मग म्हणाला, “बाल्झला दात नाहीत.”

हे मी विसरलो होतो. तळघरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाल्झची कवळी सगळ्यांना माहीत होती. एका फास्नाख्टला ती पिठाच्या सूपच्या पातेल्यात पडली होती आणि ज्याच्या वाटीत निघाली तो अजून आमच्याबरोबर जेवत नाही.

झालं. पुरावा नव्हता, त्यामुळे संशय वाढला. रुएदीनं ठरवलं की चौकशी पुरी होईपर्यंत, म्हणजे या फास्नाख्टला, बाल्झ ड्रम वाजवणार नाही. त्यानं पथकापुढे चालत लोकांना आमचे टवाळीच्या कवनांचे कागद वाटायचे. पहिल्या रांगेचं डावं टोक रिकामं राहील. दोष शाबीत झाला तर कायमचं. ड्रमवाल्याला कागद वाटायला लावणं म्हणजे आचाऱ्याला दाराशी चपला सांभाळायला बसवणं. सगळ्यांना वाटलं, बाल्झ भांडेल. तो म्हणाला, बरं. त्यामुळे रुएदीला रात्रभर झोप आली नाही.

सोमवारी दुपारी, मिरवणुकीच्या आधी, खानावळीच्या मागच्या खोलीत आम्ही कपडे चढवत होतो. त्या वर्षी नगरपालिकेनं ट्रामच्या थांब्यांवर उतरती बाकं बसवली होती, बसलं की घसरून खाली येणारी. आमची टवाळी त्यावरच होती. म्हणून आम्ही सगळे थकलेल्या आत्याबाई झालो होतो: लांब झगा, फुलांची टोपी, हातमोजे, खांद्यापर्यंत येणारं कागदी लगद्याचं डोकं. आत कोण आहे ते त्याच्या आईलाही कळलं नसतं. कागद वाटणाऱ्याचा झगा तेवढा जांभळा.

बाल्झ जांभळा झगा हातात घेऊन माझ्यासमोर आला. “पहिली रांग तर गेली,” तो म्हणाला. “शेवटची देशील?”

मी आजवर पथकासाठी जे काही केलं त्यात पथकाला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच असावी. मी माझा करडा झगा आणि ड्रम त्याला दिला.

मिरवणूक निघाली. मी पुढे जांभळी आत्याबाई होऊन कागद वाटत होतो आणि मागे कान लावून होतो. पहिल्या गल्लीतच ते ऐकू आलं. सगळं पथक पाचव्या ठोक्याला पायरी विसरत होतं, आणि शेवटच्या रांगेतून एकच ड्रम ती पायरी नीट उतरत होता. इतका सरळ ठोका आमच्यात कुणी ऐकलाच नव्हता. त्याच्यामुळे आमचं लंगडणं आम्हाला पहिल्यांदा ऐकू आलं. फुटपाथवरचा एक माणूस बायकोला म्हणाला, तो मागचा चुकतोय बघ.

पथक पुढे सरकलं. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि एक बाई ओरडली, “बाल्झ, आमचा हीटर!” ती पहिल्या रांगेकडे बघत होती. पहिल्या रांगेतले सगळे बाल्झसारखे वाजवत होते. तिनं एकेका आत्याबाईकडे बघितलं, कुठली ते ठरवता येईना, मग सगळ्यांनाच मिळून सांगितलं की गुरुवारी या. शेवटच्या रांगेतली आत्याबाई तिच्या खिडकीखालून गेली. तिच्याकडे त्या बाईनं पाहिलंही नाही. मुखवट्याआड काय चाललं होतं ते कोण सांगणार, पण पुढच्या चौकापर्यंत तो ड्रम असा वाजला की मी कागद वाटायचे विसरलो.

रुएदी पथकाचा म्होरक्या म्हणून दंड घेऊन चालत होता. त्याची मान मागे वळायला लागली. लिनुसला असं येत नाही, हे त्याला झोपेतही ठाऊक. मग लिनुसच्या कपड्यात कोण? तो सावकाश मागच्या रांगेपर्यंत गेला. त्या आत्याबाईला काहीतरी विचारलं. तिनं मुखवट्यातून बोलायच्या त्या चिरक्या आवाजात उत्तर दिलं, ज्यात सगळे सारखेच वाटतात. रुएदीनं चुकून पडल्यासारखा तिच्या पायावर पाय दिला. मी असतो तर ओरडलो असतो, हे त्याला माहीत होतं. तिनं ठोका चुकवला नाही.

एक हात वर करून मुखवटा उचलला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पण फास्नाख्टला दुसऱ्याच्या मुखवट्याला हात लावायचा नसतो. नवऱ्यानं बायकोच्या नाही, पोलिसानं चोराच्याही नाही. आमच्याकडे एकानं तसं केलं होतं. त्याला रुएदीनंच पथकातून काढलं आणि तो आता लुत्सर्नला राहतो. रुएदीचा हात दोनदा उचलला गेला. दोन्ही वेळा त्यानं त्याच हातानं स्वतःची फुलांची टोपी सारखी केली.

मिरवणूक थांबली तेव्हा तो माझ्याकडे आला. जांभळ्या झग्यात बाल्झ आहे असं समजून.

“बाल्झ,” तो हळूच म्हणाला, “तुझ्यासारखे कान कोणाला नाहीत. मागे लिनुसच्या कपड्यात कोण आहे?”

चेहरा लाल झाला होता, पण मुखवटा त्यासाठीच असतो. मी चिरक्या आवाजात म्हटलं, “ओळखू येत नाही.”

“तुलाही नाही?”

“नाही. पण छान वाजवतोय.”

रुएदीनं पुन्हा मागच्या रांगेकडे मान वळवली. मुखवट्याच्या आत त्याचं डोकं चाललेलं मला जवळजवळ ऐकू येत होतं. बाल्झ ओळखत नाही, म्हणजे तो बाल्झचा शिष्य नाही. सरळ वाजवतो, म्हणजे झुरिकचा. कपडे लिनुसचे, म्हणजे दिले लिनुसनं. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि पहिल्यांदाच कुठल्याच हाताकडे बघितलं नाही.

“मी तुझ्यावर उगाच संशय घेतला, बाल्झ,” तो म्हणाला. “फितूर लिनुस आहे. मला पहिल्यापासून वाटत होतं.”

मी म्हटलं, मलाही.

बाल्झ तिन्ही दिवस माझ्या कपड्यात वाजवत राहिला. फास्नाख्टनंतरच्या रविवारी पथकं मुखवट्याशिवाय, साध्या कपड्यात शहरातून फिरतात. तेव्हा बाल्झ पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला होता. अंगठ्यावर तार नव्हती. पाचवा ठोका उशिरा पडत होता आणि खिडक्यांतून लोक त्याला हीटरबद्दल सांगत होते. मी चालता चालता विचारलं, तार का काढली?

“तीन दिवस पुरेत,” तो म्हणाला. “माझ्याशी कोणी बोलेचना.”

माझ्यावरची चौकशी अजून चालू आहे. मी बचाव केला नाही. केला असता तर बाल्झची जागा पुन्हा गेली असती, आणि माझी जागा तशी कोणी मागतही नव्हतं. पुढच्या फास्नाख्टला कागद मी वाटायचे. दर गुरुवारी माझा पाठलाग करायचा असंही ठरलं, आणि त्यासाठी पथकातला सगळ्यात तीक्ष्ण कानांचा, संशयातून नुकताच सुटलेला विश्वासू माणूस निवडला गेला. त्यामुळे आता गुरुवारी मी पुढे चालतो आणि बाल्झ मागून, म्हणजे शेजारून. रेगुला मला पहिल्यापासून शिकवते आहे. हीटर अजून थंडच आहे. बाल्झ म्हणतो, भाग मागवलाय.

परवा होडीत आम्ही दोघं बसलो तर समोरच्या बाकावर तिसरा माणूस होता. पेपर तोंडासमोर, टोपी भुवयांपर्यंत. पेपर कालचा होता. बाल्झनं माझ्याकडे बघितलं, मी बाल्झकडे. आम्ही बसताना त्यानं पेपरवरून आधी आमच्या हातांकडे बघितलं होतं.

पेपरच्या कडेवर त्या माणसाची बोटं वाजत होती. आमची चाल, अगदी हळू, जपून. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्याला अडखळली. बोटं थांबली. मग त्यानं इकडेतिकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.